जुन्या गाडीचा एक्झॉस्ट मोकळा करायचाय? आधी मोजा, मग कापा

जुन्या गाडीचा एक्झॉस्ट बदलायला घेताना बहुतेकांची सुरुवात मागच्या टोकाकडून होते. आधी जाड टेलपाइप आणि दणदणीत सायलेन्सर घरी येतो, तो बसतो, आणि मग त्रास सुरू होतो. खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही, एका ठराविक वेगाला केबिनमध्ये डोकं दुखवणारी घुमघुम होते, ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटके वाजतात. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी काम इंजिनाकडून मागे करत यायचं आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप घ्यायचं.

हा लेख कार्ब्युरेटरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक चार सिलिंडरची आहेत. सहा सिलिंडर आणि व्ही-८ साठी जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलंय. वेळेचा अंदाज बांधताना हात सैल ठेवा. नुसते गंजलेले स्टड (नट बसवायचे, इंजिनात रोवलेले आटेदार दांडे) सोडवण्यात एक अख्खा दिवस जाऊ शकतो.

धूर बाहेर कसा पडतो

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो. जळलेला वायू धक्क्यासारखा पाइपमध्ये घुसतो आणि त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावत सुटते. जिथे पाइप एकदम रुंद होतो, म्हणजे सगळे पाइप एकत्र येतात त्या कलेक्टरपाशी, तिथून ही लाट उलट फिरते. परत येताना तिचं रूप बदललेलं असतं: ती दाब कमी करते, ओढून घेते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या क्षणी ती पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. वेगाने धावणारा वायूही आपल्या जोराने मागच्याला ओढत नेतो.

‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. बॅक प्रेशर म्हणजे एक्झॉस्टमधल्या अडथळ्याने इंजिनाकडे येणारा उलटा दाब. ते चुकीचं आहे, पण ज्या अनुभवातून ते आलंय तो अनुभव खरा आहे. फार जाड पाइप लावला की खालचा टॉर्क जातो, आणि दोष बॅक प्रेशर गेल्यावर येतो. खरं तर पाइप रुंद झाल्याने वायू मंदावलेला असतो आणि तो ओढ देईनासा होतो. म्हणून अडथळा कमीत कमी आणि वेग टिकेल एवढाच व्यास, या दोन गोष्टी एकदम साधायच्या असतात. पुढची प्रत्येक निवड याच कसोटीवर करा.

पायरी १: कापण्याआधी मोजणी

इंजिन मुळात धड आहे ना, हे पहिलं. कॉम्प्रेशन, टॅपेट आणि इग्निशन टायमिंग तपासून घ्या. झिजलेल्या इंजिनाला कितीही मोकळा एक्झॉस्ट दिला तरी हाती फक्त आवाज लागेल.

मग दाब मोजा. मॅनिफोल्डच्या (इंजिनाला बसवलेला, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा भाग) लगेच खाली, डाउनपाइपमध्ये, म्हणजे तिथून खाली उतरणाऱ्या पाइपमध्ये, एक एम१८ × १.५ आट्यांचा बुशिंग नट वेल्ड करून घ्या. पुढे याच भोकात लॅम्डा सेन्सर, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा सेन्सर, बसणार आहे, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही. त्याला सुमारे अर्धा मीटर तांब्याची नळी जोडा, नळीच्या टोकाला रबरी होज आणि होजला ० ते ०.६ बारचा गेज. तांब्याची नळी मध्ये नसेल तर होज वितळतो. शक्य असेल तर हे रोलिंग रोडवर (गाडीची चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रुळांच्या यंत्रावर) करा, नाहीतर रहदारी नसलेल्या उघड्या जागेत. गेज वाचायला शेजारी दुसरा माणूस हवा. तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, कमाल ताकदीच्या आरपीएमपर्यंत जा. गाडी उभी ठेवून रेस केल्यास आकडा दिशाभूल करतो, कारण इंजिनावर भार नसतो.

०.१ बारच्या आत असेल तर तुमचा एक्झॉस्ट मोकळाच आहे. ताकदीसाठी खर्च करू नका, हवं असेल तर आवाजावर काम करा. ०.१ ते ०.२ रस्त्यावरच्या गाडीला चालतं. ०.३ च्या वर गेला तर कुठेतरी गळा आवळलाय.

तो कुठे आवळलाय हे शोधण्यासाठी दुसरं माप सायलेन्सरच्या तोंडाशी घ्या. समजा वर ०.३२ आणि सायलेन्सरच्या आधी ०.२७ दिसलं, तर जवळजवळ सगळा अडथळा सायलेन्सरमध्ये आणि त्याच्या मागे आहे. अशा गाडीला महागडा हेडर (मूळ मॅनिफोल्डऐवजी बसणारा, प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप असलेला संच) लावून काही मिळणार नाही. उलट वर ०.३२ आणि सायलेन्सरशी ०.०८ असेल तर मधला पाइप किंवा त्यातला एखादा बेंड धरा. या एका चाचणीने अर्धा खर्च वाचतो, आणि नेमकी हीच बहुतेक जण वगळतात.

गाडीखाली शिरून हेही बघा:

- सायलेन्सरवर रबरी हातोडी हलकी मारा. आत काही खडखडलं तर आतला पडदा सुटलेला आहे.
- जॅक चुकीच्या जागी लावल्याने चेपलेला पाइप. वरून साधा पोचा दिसतो, आतून निम्मा मार्ग गेलेला असतो.
- दुहेरी भिंतीचा पाइप असेल तर आतली भिंत गंजून आत कोसळलेली असू शकते. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो. शंका आली तर आत लवचिक कॅमेरा घाला.
- दाबून वाकवलेले बेंड. बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या की समजायचं, तिथे व्यास कमी झालाय.

पायरी २: पाइपचं माप

हेडरच्या एकेका सिलिंडरच्या पाइपसाठी, ज्याला प्रायमरी म्हणतात, सोपा हिशेब आहे. वायूचा सरासरी वेग = पिस्टनचा सरासरी वेग × (बोअर ÷ पाइपचा आतला व्यास)चा वर्ग.

७५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) असं १,३२५ सीसीचं इंजिन घ्या. ५,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग २ × ०.०७५ × ५,५०० ÷ ६० = १३.७५ मीटर प्रति सेकंद. पाइप आतून ३२ मिमीचा असेल तर वायूचा वेग सुमारे ७५ मीटर प्रति सेकंद येतो. ३० मिमीला ८६. ३८ मिमीला ५४ वर घसरतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी कमाल ताकदीच्या आरपीएमला ७५ ते ९० च्या दरम्यान राहा. म्हणजे या इंजिनाला ३० ते ३२ मिमी बरोबर, आणि ‘पुढे इंजिन वाढवू, तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून घेतलेला ३८ मिमी आज गाडी मरगळून टाकेल.

मागच्या मुख्य पाइपसाठी ताकदीवरून हिशेब करा: दर ५० अश्वशक्तीमागे साधारण ६.५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. ७० अश्वशक्तीला आतला व्यास ३४ मिमी येतो, १०० ला ४० च्या किंचित वर, १५० ला ५०. हे किमान माप आहे. बेंड आणि सायलेन्सर धरून ४ मिमी वाढवा. म्हणजे ७० अश्वशक्तीच्या गाडीला ३८ मिमी भरपूर झाला.

इथला नेहमीचा सापळा: पाइप बाहेरच्या व्यासाने विकला जातो. १.५ मिमी जाडीचा ४५ मिमी पाइप आतून ४२ असतो. मागवताना बाहेरचा व्यास आणि जाडी, दोन्ही लिहून द्या.

चार सिलिंडरच्या गाडीला दोन पाइप लावण्याचा मोह होत असेल तर क्षेत्रफळ काढून बघा. ३२ मिमीचे दोन पाइप म्हणजे ४५ मिमीचा एक. वजन वाढतं, गंजायला पृष्ठभाग वाढतो, प्रवाहात काहीच फरक पडत नाही. मागून दोन टोकं दिसायला हवी असतील तर शेवटच्या सायलेन्सरमधून दोन नळ्या काढा.

पायरी ३: मूळ मॅनिफोल्ड की हेडर?

बिडाचा मॅनिफोल्ड जड असतो, पण तो शांत असतो, उष्णता बॉनेटखाली कमी सोडतो आणि पिढ्यान् पिढ्या टिकतो. पायरी १ मधली मोजणी मॅनिफोल्डखाली दाब जास्त नाही असं सांगत असेल आणि इंजिनातला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम मूळचाच असेल, तर तो ठेवा. आतला खडबडीतपणा काढून, तोंड गॅस्केटशी जुळवून घेतलं तरी पुरतं.

हेडर घ्यायचाच ठरला तर चार सिलिंडरमध्ये दोन प्रकार मिळतात. चारांचे थेट एक करणारा वरच्या आरपीएमला जास्त देतो. चारांचे दोन आणि दोनांचा एक करणारा मधल्या पट्ट्यात चांगला ओढतो, आणि रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ तिथेच असते. दुसऱ्या प्रकारात जोड्या १-४ आणि २-३ अशाच हव्यात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असो की १-२-४-३, या जोड्यांमधले धक्के ३६० अंशांच्या समान अंतराने येतात. १-२ आणि ३-४ अशा जोडलेल्या स्वस्त हेडरमध्ये धक्के एकमेकांना आडवे येतात. सहा सिलिंडरला, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असेल तर, १-२-३ आणि ४-५-६ असे गट करा. प्रत्येक गटात धक्का बरोबर २४० अंशांनी येतो.

जुन्या मिनीचं ए-सिरीज आणि एमजीबीचं बी-सिरीज इंजिन जरा वेगळं आहे. त्यांच्या हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच: मधलं तोंड २ आणि ३ या सिलिंडरचं सामाईक. त्यामुळे त्यांचे हेडर तीन फाट्यांचे असतात. मिनीसाठी मधला फाटा लांब ठेवलेला हेडर प्रसिद्ध आहे, कारण त्या फाट्यातून दोन सिलिंडरचा धूर जातो आणि बाजूच्या दोघांशी तो जितका उशिरा मिळेल तितकं मधल्या पट्ट्यात बरं पडतं.

मागवण्याआधी पुढच्या गोष्टी गाडीवर स्वतः तपासा. कॅटलॉगमध्ये त्या नसतात.

स्टीअरिंग डावीकडे की उजवीकडे? एकाच मॉडेलसाठी दोन हेडर असतात, आणि चुकीचा घेतला तर तो स्टीअरिंगच्या दांड्यावर टेकतो. स्टार्टर मोटर, ऑइल फिल्टर आणि क्लचची केबल यांच्याशी किती अंतर उरतं तेही बघा.

इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असणाऱ्या इंजिनांत एकच जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डना दाबून धरतो. नव्या हेडरचा फ्लँज (इंजिनाला आवळायची सपाट पट्टी) इनटेकच्या फ्लँजपेक्षा १ मिमी जरी पातळ निघाला, तरी वॉशर तिरका बसतो आणि पातळ बाजू सैल राहते. मग गॅस्केट फुंकलं जातं, किंवा इनटेकमधून हवा ओढली जाऊन आयडलिंग बिघडतं. आणि शोध सुरू होतो कार्ब्युरेटरमध्ये! व्हर्नियरने दोन्ही जाड्या मोजा. फरक असेल तर जाड फ्लँज मशीनवर घासून घ्या किंवा पायरी असलेला वॉशर बनवून घ्या.

मूळ मॅनिफोल्ड इनटेकला तळातून गरम करत असेल तर हेडर लावल्यावर ती ऊब जाते. थंड, दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो आणि इंजिन तापायला वेळ लागतो. इनटेकला गरम पाण्याची वाट असेल तर ती चालू ठेवा. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर केबिनचा हीटर एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांतून येतो. त्या काढल्या की हीटर गेला, काच पुसायची ऊबही गेली.

गाडीला कारखान्यातूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो काढू नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि चांगल्या स्थितीतला कन्व्हर्टर फारसा अडथळाही करत नाही.

पायरी ४: आवाज

सायलेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिल्यात छिद्रांची सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची किंवा स्टीलची लोकर. धूर सरळ जातो, म्हणून अडथळा नगण्य. लोकर वरच्या पट्टीचा कर्कशपणा खाते, खर्ज मात्र जाऊ देते. दुसऱ्यात पडदे आणि कप्पे असतात. लाटा एकमेकींवर आपटून विरतात. हा खर्जही आवरतो, पण धुराला वळसे घालावे लागतात. जुन्या गाडीचा भरदार पण कानाला न बोचणारा आवाज हवा असेल तर मध्यावर सरळ नळीचा लहान रेझोनेटर आणि मागे मोठ्या आकारमानाचा कप्प्यांचा किंवा मिश्र सायलेन्सर ही जोडी सहसा जमते. सायलेन्सर निवडताना आतल्या नळीचा व्यास बघा. ४५ मिमीच्या तोंडामागे ३५ मिमीची नळी लपवलेले सायलेन्सर बाजारात भरपूर आहेत. टॉर्चने आत बघून, व्हर्नियर घालून खात्री करा.

आकारमानात कंजूषी करू नका. गाडीखाली मावेल तेवढा मोठा सायलेन्सर घेतला की आवाज खोल येतो आणि दाबही वाढत नाही. छोटा, चकचकीत सायलेन्सर पहिल्या आठवड्यात आवडतो, पण आतली लोकर जळत गेली की तो फाटक्या आवाजात ओरडू लागतो.

घुमघुमीचा हिशेब आधीच करून ठेवा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीला दोन धक्के, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला १००. सहा सिलिंडरला १५०. गाडी नेहमीच्या वेगाला ज्या आरपीएमवर चालते तिथला हा आकडा काढा. घुमघुम त्याच्याच आसपास येते. त्यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली एक नळी. तिची लांबी = ध्वनीचा वेग ÷ (४ × कंपनसंख्या). २०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सुमारे ४३५ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणून १०० कंपनांसाठी नळी जवळपास १.१ मीटर. बंद नळीतला वायू मुख्य पाइपपेक्षा थंड असल्याने प्रत्यक्षात ती थोडी आखूड लागते. टोकाला सरकता बूच ठेवा आणि गाडी चालवून लांबी जुळवा. वळवून नेली तरी चालते.

व्ही-८ मध्ये दोन बाजूंचे पाइप वेगळेच मागे नेले तर आवाज फुटका आणि घुमणारा येतो. दोन्ही पाइप आडव्या नळीने जोडा. नळीची जागा ठरवायला पाइपवर उष्णतेने जळणाऱ्या रंगाची लांब रेघ ओढतात, गाडी जोरात चालवतात आणि रंग जिथे सर्वांत पुढपर्यंत जळतो त्या ठिकाणी जोड घेतात. कलेक्टरच्या मागे लगेच जागा मिळत असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नसते.

पायरी ५: सामान आणि कागद

धातू ठरवा. साधं पोलाद स्वस्त, वेल्ड करायला सोपं, पण गंजतं. ॲल्युमिनियमचा लेप असलेलं पोलाद त्याहून बरंच टिकतं. ४०९ स्टेनलेसला लोहचुंबक चिकटतो, वरून तांबूस होतं, पण लवकर सडत नाही. ३०४ स्टेनलेस सर्वांत टिकाऊ, फक्त ते उष्णतेने जास्त वाढतं: ४०० अंशांनी तापलं की दर मीटरला सुमारे ७ मिमी, साध्या पोलादाच्या पाच मिमीच्या तुलनेत. अडीच मीटरच्या पाइपला हा फरक हँगर उपटायला पुरेसा आहे. जाडी १.५ मिमी घ्या, १.२ मिमीने वजन वाचतं, पण आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो.

हाताशी हवं ते:

- मँड्रेलवर (आतून आधार देऊन, व्यास कमी होऊ न देता) वाकवलेले ४५ आणि ९० अंशांचे बेंड, दोन-तीन जास्तीचे
- नवे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट, दोन गॅस्केट (एक बिघडतंच)
- पट्टी क्लॅम्प किंवा व्ही-बँड जोड, हँगरची रबरं
- टॉर्क पाना, फीलर गेज, सरळ पट्टी, व्हर्नियर, आट्यांचा टॅप
- गंज सोडवणारं तेल, तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट). स्टेनलेसच्या आट्यांसाठी निकेलचं
- चार भक्कम ॲक्सल स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका.
- वाइडबँड लॅम्डा मीटर

कागदांत मूळ वर्कशॉप मॅन्युअल हवं, तुमच्या गाडीच्या उत्पादन वर्षाला लागू असलेली आवाज आणि धुराची मर्यादा लेखी हवी, आणि विमा कंपनीला बदल कळवल्याची पोच. नवा सायलेन्सर मान्यताप्राप्त असेल तर त्याचं प्रमाणपत्र गाडीत ठेवा. जुन्या जुळणीचे फोटो आणि मॅनिफोल्डवर ओतलेला क्रमांक टिपून घ्या.

पायरी ६: जुनं उतरवणं

दोन-तीन दिवस आधीपासून रोज स्टडवर गंजाचं तेल मारा. गाडी चालवून तापवा, निवू द्या, पुन्हा मारा. धातू फुगतो-आक्रसतो तेव्हा तेल आट्यांत शिरतं. नट सोडवताना सहा कोनी सॉकेट वापरा. नट जरासा फिरला आणि पुन्हा घट्ट झाला तर जोर लावू नका: अर्धा आटा मागे, पाव पुढे, असं करत आणा. हाताला ‘मऊ’ लागलं की थांबा, स्टड पिळतोय. त्या नटाला गॅसच्या टॉर्चने लालसर तापवा. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर त्याआधी बाजूला काढून, झाकून ठेवा.

स्टड तुटलाच आणि थोडा वर उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा आणि गरम असतानाच फिरवा. बहुतेक वेळा निघतो. पृष्ठभागाशी सपाट तुटला तर बरोबर मधोमध पंच मारून भोक पाडावं लागेल. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर हे काम मशीन शॉपकडे द्या.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जुन्या गॅस्केटमध्ये आणि पाइपभोवतीच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं असताना वायर ब्रश फिरवू नका. पाण्याने भिजवा, मास्क घाला, ओलं असतानाच खरवडून पिशवीत बंद करा.

पायरी ७: जुळणी

हेडच्या आणि हेडरच्या फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर सरकवा. ०.२ मिमीची पात आत गेली तर फ्लँज घासून घ्या. गॅस्केट जाड असल्याने भरून निघेल, ही आशा फोल आहे.

पाइपचं तोंड हेडच्या तोंडापेक्षा सगळीकडून एखादा मिलिमीटर मोठं असलेलं चालतं. ती पायरी उलट येणाऱ्या धुराला अडवते. ते लहान असेल, किंवा गॅस्केटची कडा मार्गात डोकावत असेल, तर कापा. हेडच्या तोंडाचा तळ मात्र घासू नका.

हेडर बसवून नट हाताने आवळा आणि मागे येत जा. प्रत्येक तुकडा गाडीखालीच, जागेवर धरून टॅक करा, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरता वेल्ड करा. पाइप आणि फ्लोअरमध्ये किमान २५ मिमी ठेवा, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून ५० मिमी किंवा जास्त. तेवढी जागा नसेल तर मध्ये हवेची फट सोडून पत्र्याची ढाल लावा. मागचा ॲक्सल जॅकने पूर्ण वर उचलून बघा आणि पूर्ण खाली सोडूनही. पाइप ॲक्सलवरून जात असेल तर बहुतेक ठोका इथेच बसतो.

इंजिन रबरावर हलतं, पाइप बॉडीला टांगलेला असतो. मध्ये लवचीक जोड नसेल तर काहीतरी तुटणारच. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत हे फार होतं. मिनीमध्ये डाउनपाइप वारंवार तुटत असेल तर आधी इंजिन धरून ठेवणाऱ्या दांड्याचे बुश बघा. ते झिजले की इंजिन पुढेमागे डुलतं आणि सगळा ताण मॅनिफोल्डच्या जोडावर येतो.

एकात एक घालायच्या जोडांत पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा, पाइप आत आणि मागचा बाहेर. तोंड प्रवाहाच्या दिशेने राहिलं की गळती कमी होते. आतला भाग ४० ते ५० मिमी जाऊ द्या. यू-क्लॅम्प पाइपला खळगा पाडतो आणि पुन्हा सुटत नाही. पट्टी क्लॅम्प वापरा. टेलपाइपचं टोक बंपरच्या बाहेर काढा. ते आत राहिलं तर गाडीमागच्या पोकळीत धूर फिरतो आणि डिकीच्या झिजलेल्या रबरातून केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून डिकीची रबरंही याच वेळी बदला.

पायरी ८: वेल्डिंग

टॅक झालेला पाइप उतरवून, टेबलावर पूर्ण वेल्ड करा. गाडीवर टॅक करण्यापुरतीही बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा काढून ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग अजिबात नको. ब्रेक क्लीनरने पुसून वेल्ड करू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की विषारी फॉस्जीन वायू होतो. ॲसिटोन वापरा आणि तो पूर्ण उडू द्या.

३०४ ला ३०४ जोडताना ३०८-एल तार, स्टेनलेस आणि साधं पोलाद जोडताना ३०९-एल. टिग (आर्गॉनच्या आवरणातलं) वेल्डिंग करताना पाइपची टोकं बंद करून आत आर्गॉन सोडा. नाही सोडला तर जोडाच्या आतल्या बाजूला काळी, साखरेसारखी खडबडीत पुटं येतात. ती प्रवाह अडवतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. फ्लँज वेल्ड करताना तो जाड पट्टीला बोल्टने आवळून ठेवा, पूर्ण निवेपर्यंत सोडू नका.

सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडा. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. छोट्या फेऱ्यांत ते सायलेन्सरमध्येच साचतं आणि तो आतून सडतो. याच कारणाने साध्या पोलादाच्या हेडरला कापडी गुंडाळी लावणं टाळा, ओल धरून राहते. उष्णता कमी करायची असेल तर सिरॅमिक लेप द्या.

पायरी ९: पहिली स्टार्ट

नट मधून सुरू करून दोन्ही कडांकडे, दोन फेऱ्यांत आवळा. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. एम८ स्टडला तो बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो.

इंजिन सुरू करण्याआधी गळती शोधता येते. व्हॅक्यूम क्लीनर उलटा, फुंकण्यासाठी, टेलपाइपला लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे दिसतील तिथे दुरुस्ती. मग मोकळ्या हवेत इंजिन सुरू करा. रंग आणि तेल जळाल्याचा धूर पहिली काही मिनिटं येईल. पूर्ण निवल्यावर नट पुन्हा आवळा.

पायरी १०: कार्ब्युरेटर

एक्झॉस्ट मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं आणि पूर्ण भाराला मिश्रण पातळ पडण्याचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडण्याचा, धोका असतो. तसंच चालवलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह जळतात. त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

लॅम्डा सेन्सर कलेक्टरनंतर, आडव्या पातळीच्या किमान १० अंश वर बसवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. आकडे हवा-पेट्रोल प्रमाणापेक्षा लॅम्डामध्ये वाचा: १ म्हणजे बरोबर प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही तेच लागू पडतात. आयडलिंगला ०.९२ ते ०.९७, सम गतीला १.० च्या आसपास, पूर्ण भाराला ०.८६ ते ०.९०. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत येऊन आकडा खोटाच पातळ दिसतो, म्हणून पायरी ९ पूर्ण झाल्याशिवाय जेटला (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाला) हात लावू नका.

वेबरसारख्या कार्ब्युरेटरला मेन जेट एका वेळी ५ ने वाढवा, म्हणजे ११५ चा १२०, आणि पुन्हा मोजा. एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेटचा नट फिरवला की सगळ्याच पट्ट्यात मिश्रण बदलतं. फक्त वरच्या भाराला पातळ असेल तर सुई बदला: वरचा भाग तसाच, टोकाकडे जास्त बारीक झालेली.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटके वाजत राहिले तर आधी गळती, मग आयडल मिश्रण, मग इग्निशन टायमिंग, या क्रमाने बघा.

पायरी ११: आवाज मोजा, आणि पुन्हा आवळा

उभ्या गाडीची आंतरराष्ट्रीय पद्धत घरीही जमते. मायक्रोफोन टेलपाइपच्या टोकापासून ०.५ मीटरवर, प्रवाहाच्या रेषेशी ४५ अंशांत, टोकाच्याच उंचीला. जमिनीपासून मात्र किमान ०.२ मीटर. इंजिन जुन्या पद्धतीत कमाल ताकदीच्या आरपीएमच्या ७५ टक्क्यांवर धरतात; तुमच्या गाडीला लागू असलेल्या नियमातला आकडा बघून घ्या. आजूबाजूचा आवाज किमान १० डेसिबलने कमी असायला हवा. डेसिबलचं गणित सरळ नसतं; १० ने वाढ म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट. मर्यादेच्या ३ डेसिबल आतच राहा, कारण लोकर झिजत गेली की आवाज चढतो.

१५० किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, मॅनिफोल्डचे सगळे नट, क्लॅम्प आणि हँगर पुन्हा तपासा. पाइपवर कुठे घासल्याची चकाकी दिसते का बघा. तिथे अंतर कमी पडतंय. मूळ मॅनिफोल्ड, वॉशर आणि नट तेल लावून, चिठ्ठी बांधून कोरड्या जागी ठेवा.